अंकाचें चिन्ह आणि अंकाचें मूल्य

पहिल्या इयत्तेंतलें मूल पाटीवर सात हा आंकडा गिरवितें, तेव्हां त्याच्या हातून उमटते ती केवळ एक आकृति असते. वळण नीट साधलें कीं त्याचें समाधान होतें. परंतु सात चिंचोके मोजून वेगळे ठेव, असें सांगितलें तर तें गोंधळतें. कारण आकृति काढणें आणि सात ही संख्या समजणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली आली म्हणून दुसरी आली असें होत नाहीं. प्राथमिक शाळेंतील प्रत्येक शिक्षकाला हें ठाऊक असतें. नवलाची गोष्ट ही कीं, ज्या यंत्राची गणितांतील चपळाई जगभर वाखाणली जाते, तें संगणक-यंत्रहि या बाबतींत त्या मुलाच्याच पायरीवर उभें असतें. कळफलकावर कोणी सात हा अंक दाबला, तर यंत्राच्या आंत सात ही संख्या जात नाहीं. सात या आकृतीची ओळख तेवढी जाते. त्या ओळखीची संख्या करून देण्याचें काम कोणाला तरी जाणूनबुजून करावें लागतें. तें काम कसें होतें, आणि निष्काळजीपणें केल्यास काय घडतें, याचा विचार सी या नांवाच्या संगणकभाषेच्या आधारें येथें करावयाचा आहे.

सी ही भाषा अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेंत, डेनिस रिची या शास्त्रज्ञानें १९७२ च्या सुमारास रचली. पुढें १९७८ सालीं ब्रायन कर्निघन आणि रिची या दोघांनीं तिच्यावर एक आटोपशीर पुस्तक लिहिलें, आणि त्या पुस्तकावर आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. आज्ञावली म्हणजे यंत्रानें काय करावें व कोणत्या क्रमानें करावें हें सांगणाऱ्या लेखी आज्ञांची मालिका. या भाषेनें आतां पन्नाशी ओलांडली आहे. परंतु ती निवृत्त झालेली नाहीं. अँड्रॉइड जातीच्या मोबाइल फोनांच्या मुळाशीं असलेला लिनक्स हा गाभा मुख्यतः याच भाषेंत लिहिलेला आहे. म्हणजे सी हें नांवहि ज्यांच्या कानावर कधीं पडलें नसेल, त्यांच्या घरांतहि ती रोज राबत असते. म्हणूनच तिच्यांतील हा एक बारीकसा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता राहत नाहीं.

प्रथम यंत्राची अडचण लक्षांत घेतली पाहिजे. त्याच्या स्मृतींत संख्येवांचून दुसरें कांहीं मावत नाहीं. अक्षर ठेवावयाचें तर त्याला एक क्रमांक देऊन तो क्रमांक ठेवावा लागतो. अक्षर आणि संख्या यांची अशी गांठ घालण्याची कल्पना भारतीय मनाला परकी नाहीं. आर्यभटानें इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या आपल्या ग्रंथांत क पासून म पर्यंतच्या पंचवीस व्यंजनांस १ ते २५ अशीं मूल्यें दिलीं, य ला ३० व ह ला १०० मानलें, आणि ग्रहगणितांतील मोठमोठ्या संख्या श्लोकांत बसविल्या. त्याला संख्या अक्षरांत बांधावयाच्या होत्या. संगणक बनविणाऱ्यांना अक्षरें संख्यांत बांधावयाचीं होतीं. दिशा उलटी, परंतु युक्ति एकच. अमेरिकेंत १९६३ सालीं अशा क्रमांकांचें एक प्रमाण कोष्टक प्रसिद्ध झालें; त्याच्या लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास ॲस्की म्हणतात. त्यांत एकंदर १२८ जागा आहेत. मोठ्या लिपींतील इंग्रजी ए चा क्रमांक ६५, लहान लिपींतील ए चा ९७. आणि ० पासून ९ पर्यंतच्या दहा अंकांचे क्रमांक ओळीनें ४८ पासून ५७ पर्यंत.

४८ ही विचित्र दिसणारी सुरुवात उगीच निवडलेली नाहीं. यंत्राच्या द्विमान पद्धतींत, म्हणजे केवळ ० आणि १ या दोनच खुणांनीं, ४८ ही संख्या ०११०००० अशी लिहितात आणि ५५ ही ०११०१११ अशी. दोहोंच्या शेवटच्या चार स्थानांकडे पाहिलें तर पहिलींत ०००० म्हणजे शून्य आणि दुसरींत ०१११ म्हणजे सात दिसतात. ४८ हा शून्याच्या चिन्हाचा क्रमांक आणि ५५ हा सातच्या चिन्हाचा. कोष्टक रचणाऱ्यांनीं प्रत्येक अंकाच्या क्रमांकांतच त्याचें मूल्य जणूं पदराला गांठ मारावी तसें बांधून ठेवलें होतें. गांठ सोडण्याचें काम तेवढें पुढच्यांकडे राहिलें.

ती गांठ न सोडतांच पुढें जाणें ही नवशिक्याची पहिली चूक. कोणी कळफलकावर ७ दाबला. आज्ञावलीनें तें चिन्ह उचललें आणि संख्या समजून हिशेबांत घातलें. यंत्रानें कुरकुर केली नाहीं. परंतु हिशेबांत सात न जातां ५५ गेले. सातचीं अशीं दोन चिन्हें घेऊन त्यांची बेरीज मागितली तर उत्तर १४ येत नाहीं, ११० येतें. आणि तें ११० पुन्हां अक्षर म्हणून छापावयास सांगितलें तर कागदावर लहान लिपींतील इंग्रजी एन उमटतो! सात आणि सात मिळून एन, असें उत्तर वर्गांत कोणी दिलें तर हंशा पिकेल. पण यंत्राच्या दृष्टीनें त्यांत वावगें कांहींच नाहीं. ५५ आणि ५५ मिळून ११० हा हिशेब बिनचूक आहे. चूक बेरजेंत नाहीं; बेरजेस काय घातलें त्यांत आहे.

कांहीं संगणकभाषा अशा प्रसंगीं लिहिणाराला अडवितात. अक्षर तें अक्षर, संख्या ती संख्या, यांची गल्लत चालणार नाहीं, असें बजावतात. सीचा स्वभाव तसा नाहीं. तिच्या दृष्टीनें अक्षर हा लहान आकाराचा पूर्णांकच होय. बाइट नांवाच्या एका छोट्या खणांत मावेल एवढा. लिहिणारा शहाणा आहे असें धरून ती चालते आणि सर्व हत्यारें त्याच्या हातीं देते. या विश्वासामुळें ती चपळ झाली आहे, आणि याच विश्वासामुळें निष्काळजी माणसाच्या हातीं ती धोक्याची ठरते.

यावर जाणकारांचा उपाय अगदीं साधा आहे. अंकाच्या चिन्हांतून शून्याचें चिन्ह वजा करावयाचें, एवढेंच. सातच्या चिन्हाचे ५५, शून्याच्या चिन्हाचे ४८, वजाबाकी सात. यासाठीं चाळींतल्या खोल्यांचा दाखला पुरेसा आहे. एखाद्या मजल्यावरील पहिल्या खोलीवर ४८ हा क्रमांक असून पुढील खोल्यांवर ओळीनें ४९, ५०, ५१ असे क्रमांक असले, तर ५५ क्रमांकाची खोली पहिल्या खोलीपासून किती पुढें आहे, हें काढण्यास वजाबाकीच करावी लागते. अंकांचीं चिन्हें अशींच ओळीनें बिऱ्हाड करून राहतात, आणि शून्याचें बिऱ्हाड पहिल्या खोलींत असतें; म्हणून पहिल्या खोलीपासूनचें अंतर हेंच त्या अंकाचें मूल्य ठरतें.

येथें चतुर विद्यार्थी विचारील कीं, मग सरळ ४८ च कां वजा करूं नयेत? शून्याचें चिन्ह वजा करा, असें आडवळणानें कां सांगावें? याचें उत्तर दुसऱ्या एका कोष्टकांत आहे. आय. बी. एम. या कंपनीनें १९६४ सालीं जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० या मोठ्या यंत्रांसाठीं एब्सिडिक नांवाचें स्वतःचें कोष्टक योजिलें. त्यांत शून्याच्या चिन्हाचा क्रमांक २४० आणि सातच्या चिन्हाचा २४७ आहे. २४७ मधून २४० गेले तर सातच उरतात. परंतु ४८ वजा केले तर उरतात १९९. ज्यानें शून्याचें चिन्ह लिहिलें त्याची आज्ञावली दोन्ही यंत्रांवर खरी ठरते. ज्यानें ४८ लिहिले त्याची एकावर खरी आणि दुसऱ्यावर खोटी. १९८९ सालीं सीचें अमेरिकन मानक ठरलें, तेव्हां कोष्टक कोणतेंहि असो, शून्यापासून नवापर्यंतच्या चिन्हांचे क्रमांक ओळीनें एकेकानें वाढत गेले पाहिजेत, अशी हमी त्यांत घातली गेली. वर्णमालेंतील अक्षरांविषयीं मात्र अशी हमी नाहीं. एब्सिडिकमध्यें मोठ्या लिपींतील इंग्रजी आय चा क्रमांक २०१ आणि त्याच्या शेजारच्या जे चा एकदम २०९ आहे. म्हणून अक्षराचें वर्णमालेंतील स्थान काढतांना केवळ वजाबाकीवर विसंबणें सुरक्षित नव्हे. अंकांच्या बाबतींत तें सुरक्षित आहे.

एका अंकाचें झालें. परंतु व्यवहारांतल्या संख्या बहुधा एका अंकाच्या नसतात. ३४५ हे तीन अंक दाबले म्हणजे स्मृतींत ५१, ५२, ५३ हे तीन क्रमांक शेजारीं शेजारीं बसतात, आणि चौथ्या खणांत, मजकूर संपला हें सांगणारें शून्य बसतें. हें शून्य आणि शून्याचें चिन्ह यांची गफलत होऊं देऊं नये. चिन्हाचा क्रमांक ४८ आहे, आणि शेवट दाखविणारें शून्य हें खरोखरीचें रितें शून्य आहे. आतां या तीन चिन्हांची एक संख्या करावयाची. त्यासाठीं एकं, दहं, शतं एवढी उजळणी पुरते. हातीं प्रथम शून्य घ्यावें. पहिलें चिन्ह ५१. त्यांतून ४८ गेले, राहिले ३. हातच्या शून्याची दसपट करून तींत ते मिळवावे. हातीं ३ आले. दुसरें चिन्ह ५२. त्याचे झाले ४. हातच्या तिनाची दसपट ३०, तींत ४ मिळविले, हातीं ३४. तिसऱ्या चिन्हाचे ५. चौतिसाची दसपट ३४०, तींत ५ मिळविले, हातीं ३४५. चौथ्या खणांत रितें शून्य दिसलें, थांबावें. प्रत्येक दसपटीबरोबर आधींचे अंक एकेक स्थान डावीकडे सरकतात, आणि नव्या अंकाला एकंचें घर मोकळें होतें. हीच रीत कर्निघन आणि रिची यांच्या पुस्तकांत चार-पांच ओळींच्या आज्ञावलींत दिलेली आहे.

ही रीत प्रत्येकानें नव्यानें लिहीत बसूं नये म्हणून सीच्या प्रमाण संग्रहांत तयार आज्ञावलीचा एक लहानसा तुकडा ठेवलेला आहे. अशा तुकड्यास फंक्शन म्हणतात. या फंक्शनाचें नांव ए-टू-आय. त्याला मजकूर द्यावा, त्यानें संख्या द्यावी. तें प्रारंभींच्या मोकळ्या जागा ओलांडतें, अधिक-उणें चिन्ह असल्यास ध्यानांत घेतें, अंक सांपडतील तेथपर्यंत वाचतें आणि जेथें अंक नसेल तेथें थांबतें. सोय मोठी आहे. परंतु त्यांत एक खोट आहे, आणि ती एखाद्या शाळेच्या गुणांच्या यादीवरून चांगली ध्यानीं येते.

पहिल्या मुलाच्या नांवापुढें ७८ लिहिले आहेत. ए-टू-आय ७८ हेंच उत्तर देतें. दुसऱ्यापुढें ० आहे. उत्तर शून्य, आणि तें खरें आहे. तिसरी मुलगी परीक्षेच्या दिवशीं तापानें अंथरुणास खिळलेली होती. तिच्या नांवापुढें कारकुनानें गैरहजर असें लिहिलें आहे. ए-टू-आय त्या शब्दाकडे पाहतें, त्यांत त्याला अंक दिसत नाहीं, आणि तें उत्तर देतें शून्य. चौथ्याचे गुण भरावयाचे राहून गेले, जागा कोरी आहे, उत्तर शून्य. पांचव्याला शंभरांपैकीं शंभर मिळाले, परंतु टंकलेखकाच्या बोटाखालीं मधल्या शून्याऐवजीं इंग्रजी ओ हें अक्षर गेलें. वरवर पाहणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाहीं. पण ए-टू-आय आरंभींचा १ वाचतें, ओ पाशीं थांबतें, आणि उत्तर देतें एक. वर्गांत पहिला आलेला मुलगा एका गुणावर नापास होतो, आजारी मुलीच्या माथीं शून्य बसतें, आणि यंत्र कोठेंहि अडखळत नाहीं. सर्व बेरजा होतात, सरासरी निघते, निकाल सुबक छापून बाहेर पडतो.

ए-टू-आय खोटें बोलतें असें नव्हे. ‘वाचतां आलें नाहीं’ हें सांगण्याची सोयच त्याच्या उत्तरांत ठेवलेली नाहीं. शून्य मिळणें निराळें आणि गुणच नसणें निराळें. पहिलें एक उत्तर आहे, दुसरा उत्तराचा अभाव आहे. ज्या हिशेबांत या दोहोंना एकच खूण असते, त्या हिशेबावर मनुष्याच्या भवितव्याचा निर्णय सोंपविणें हा त्या मनुष्यावर अन्याय आहे. गुणांच्या जागीं औषधाची मात्रा, पेन्शनीची रक्कम किंवा विजेच्या मीटरावरील आंकडा कल्पिला, म्हणजे या लहानशा शून्यांत केवढें मोठें संकट दडलेलें आहे हें कळून येईल.

सी भाषेनें या दोषाला उतारा दिलेला आहे. स्ट्र-टू-एल या नांवाचें दुसरें एक फंक्शन तिच्या प्रमाण संग्रहांत आहे. तें संख्या तर देतेंच. पण त्याशिवाय आपण मजकुरांत कोठपर्यंत वाचलें, त्या जागेची खूणहि करून ठेवतें. चांगला कारकून जसा नुसती बेरीज सांगून मोकळा होत नाहीं, तर ‘या ओळीपर्यंत पाहिलें, पुढचें लागत नाहीं’ अशी पेन्सिलीनें रेघ मारून ठेवतो, तसेंच हें आहे. खूण मजकुराच्या अगदीं आरंभींच राहिली असेल, तर एकहि अंक सांपडला नाहीं. म्हणजे आलेलें शून्य हें गुणांचें शून्य नव्हे. खूण मध्येंच राहिली असेल, तर पुढें कांहीं तरी परकें आहे. ओ च्या वेषांतला शून्य येथें पकडला जातो. खूण थेट शेवटास पोंचली असेल, तरच सर्व मजकूर संख्येचा होता. आणि संख्या खणांत मावली नाहीं, तर तें शक्य तेवढें मोठें मूल्य देऊन त्यासाठीं राखलेल्या एका निराळ्या जागीं अतिक्रमाचा शेरा मारतें. मात्र ही खूण आणि हा शेरा पाहण्याचें कष्ट आज्ञावलीकारानें घेतले पाहिजेत. पेन्सिलीची रेघ कोणी पाहिलीच नाहीं, तर कारकुनाचा चांगुलपणा वायां गेला.

या फंक्शनाला आणखी एक गोष्ट सांगावी लागते. ती म्हणजे मोजण्याचा पाया. नेहमींची मोजणी दहाच्या पायावर चालते. परंतु पायाच्या जागीं शून्य लिहिलें, तर त्याचा अर्थ ‘मजकूर पाहून तूंच ठरव’ असा होतो. आणि मग आरंभीं शून्य दिसलें कीं हें फंक्शन आठाचा पाया धरतें. आठाच्या पायावर दहंचें घर हें आठाचें घर होय. त्यामुळें पुण्याचा दूरध्वनीचा ०२० हा संकेतांक वाचला तर हातीं १६ येतात, आणि मुंबईचा ०२२ वाचला तर १८. महिन्यांचें तर याहून गमतीचें आहे. ०१ पासून ०७ पर्यंतचे महिने बिनचूक वाचले जातात. परंतु आठाच्या पायावर ८ हा अंकच नसतो, म्हणून ०८ मधील शून्य वाचून फंक्शन थांबतें आणि ऑगस्ट महिन्याचा क्रमांक शून्य होतो. जानेवारींत लिहिलेली आज्ञावली जुलैअखेरपर्यंत शहाण्यासारखी वागते आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेस भ्रमिष्ट होते. उपाय एवढाच कीं, पाया दहा आहे हें स्पष्ट शब्दांत सांगावें. यंत्राच्या तर्कावर सोडूं नये.

संख्या किती मोठी असूं शकते, याचेंहि भान ठेवावें लागतें. आजच्या बहुतेक यंत्रांवर सीचा साधा पूर्णांक ३२ द्विमान स्थानांचा असतो, आणि त्याची कमाल मर्यादा २१४ कोटि ७४ लक्ष ८३ हजार ६४७ ही आहे. मर्यादा मोठी वाटते. पण भारतांतील मोबाइलचा दहा अंकी क्रमांक संख्या म्हणून वाचला तर तो सहाशें कोटींच्या पुढेंच असतो. ए-टू-आय फंक्शनाला तो क्रमांक दिला तर काय होईल याविषयीं सीचें मानक कसलेंहि वचन देत नाहीं. लहान खणांत मोठी संख्या कोंबण्याचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो, याचें उदाहरण ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गयानांत घडलें. एरियन ५ हें युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर एक मिनिटहि लोटलें नसतां आकाशांतच नष्ट झालें. तेथें भाषा सी नव्हती, ॲडा होती, आणि रूपांतर अक्षरांचें नव्हतें; अपूर्णांकी मापाची एक संख्या, जेथें ३२,७६७ हून अधिक मावत नाहीं अशा खणांत घातली गेली होती. परंतु धडा तोच. एका रूपांतून दुसऱ्या रूपांत संख्या नेतांना ती वाटेंत शाबूत राहिली कीं नाहीं, हें विचारावयाचें राहून गेलें.

आतां मराठी घरांशीं या विषयाचा अगदीं जवळचा जो संबंध आहे, तो सांगितला पाहिजे. ॲस्कीच्या १२८ जागांत देवनागरीला स्थान नव्हतें. तें स्थान १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या यूनिकोड या जागतिक कोष्टकांत मिळालें. त्यांत देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ असून नवाचा २४१५ आहे; म्हणजे हे दहा अंकहि ओळीनेंच राहतात. परंतु एका बाइटांत २५५ पेक्षां मोठा क्रमांक मावत नाहीं. म्हणून केन टॉम्सन आणि रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं योजिलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीनें प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटांत विभागून लिहितात. देवनागरी सात म्हणजे २२४, १६५ आणि १७३. देवनागरी शून्य म्हणजे २२४, १६५ आणि १६६. एखाद्या आजोबांनीं मराठी कळफलकावरून अर्जांत आपलें वय ६५ असें भरलें, तर ए-टू-आय फंक्शनाला तेथें अंक दिसत नाहींत. दिसतात सहा अनोळखी बाइट. आणि मग पासष्ट वर्षांच्या गृहस्थांचें वय शून्य होतें.

येथेंहि उपाय तीच वजाबाकी आहे. लागोपाठच्या तीन बाइटांपैकीं पहिले दोन २२४ आणि १६५ आहेत कीं नाहींत, हें आधीं पाहावें. असतील, तर तिसऱ्यांतून १६६ वजा करावे. उत्तर शून्य ते नऊ यांच्या दरम्यान आलें तर तो देवनागरी अंक होय आणि तेंच त्याचें मूल्य. १७३ मधून १६६ गेले, राहिले सात. एवढी दहा ओळींची भर ज्या आज्ञावलींत घातलेली असेल, तिला मराठींत भरलेला अर्ज कळतो. नसेल तिला कळत नाहीं. मराठी अंक यंत्राला झेपत नाहींत अशी तक्रार कानीं येते, तेव्हां दोष बहुधा यंत्राचा नसतो. त्या दहा ओळी लिहिण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ असतो.

शेवटीं एक विवेक राहतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. अंकांनीं लिहिलेली प्रत्येक गोष्ट ही संख्या नसते. पुण्याच्या ०२० ची संख्या केली कीं आरंभींचें शून्य नाहींसें होऊन २० उरतात. मोबाइलच्या दोन क्रमांकांची बेरीज कोणी करीत नाहीं. टपालाच्या पिनकोडाची सरासरी काढीत नाहीं. हीं अंकांनीं लिहिलेलीं नांवें आहेत. तीं अक्षरांच्या रूपांतच राहूं द्यावीं. ज्यांची बेरीज-वजाबाकी करावयाची, ज्यांची तुलना करावयाची, त्यांचेंच रूपांतर करावें. आणि करतांना तीन गोष्टी विचाराव्या. कांहीं वाचलें गेलें कां? सर्व वाचलें गेलें कां? वाचलेलें खणांत मावलें कां?

पाटीवर सात गिरविणाऱ्या मुलाला जाणता शिक्षक लगेच शाबासकी देऊन पुढच्या मुलाकडे वळत नाहीं. तो चिंचोके पुढें करतो आणि मोजावयास सांगतो. मूल अडलें तर ‘येत नाहीं’ असें म्हणण्याची मुभा त्याला असते, आणि त्या मुभेमुळेंच तें पुढें शिकतें. यंत्रालाहि अशी मुभा लिहून द्यावी लागते. ज्या आज्ञावलींत ‘येत नाहीं’ याला जागा आहे, तिच्या हिशेबांतील शून्य हें खरें शून्य असतें. आणि त्या यादींत तापानें अंथरुणास खिळलेल्या मुलीच्या नांवापुढें गैरहजर हाच शब्द राहतो.